बंद इस्त्रीचा आवाज

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेली.

भुतं रात्री येतात, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणायचो. पण हे घडलं भरदुपारी, ऊन डोक्यावर असताना. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

मावशी आणि काकांचं इस्त्रीचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे राहायची खोली, मध्ये फक्त पडदा. आयुष्यभर तापलेल्या इस्त्रीशी खेळून दोघांचे तळवे पार राठ झालेत. उकळत्या दुधाचं पातेलं मावशी नुसत्या हाताने उतरवते. "आमची सांडशी रुसून माहेरी गेली, ती परत आलीच नाही," असं काका सगळ्यांना सांगायचे.

त्यांना दोन मुली. थोरली आणि धाकटी.

थोरलीचा दुकानात भारी जीव. भोकं पाडलेल्या झाकणाच्या बाटलीने कपड्यांवर पाणी शिंपडायचं काम तिचं. इस्त्री गरम झाली का, ते बघायचंही तिनेच. ओल्या बोटाने थेंब उडवायचा... चर्र झालं की ओरडायचं, "आई, घे!"

गेल्या वर्षी ती गेली.

अचानक ताप आला. ना सर्दी, ना खोकला. मावशीने कपाळाला हात लावून बघितला. काकांनी बघितला. दोघांनाही कोमट लागलं.

"उन्हात हुंदडली असेल. उद्यापर्यंत उतरेल," काका म्हणाले.

पोर दिवसभर झोपून राहिली. पाणीही नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेली, तेव्हा ती हाकेला ओ देत नव्हती.

नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मावशी एकच सांगायची, "ताप तर थोडासाच होता हो..."

काकांनी ती बाटली माळ्यावर टाकून दिली. दुकानात फवाऱ्याची नवी बाटली आली. हसणं मात्र गेलं ते गेलंच.

आता त्या दुपारचं सांगतो.

लाईट गेली होती. काका कपडे पोचवायला बाहेर गेले होते. पंखा बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. धाकटी सकाळपासून आत पडून होती. अंग कसकसतंय म्हणाली होती. मावशीने तिच्या कपाळावर हात ठेवला होता...

कोमट.

"पड जरा, बरं वाटेल," असं म्हणून मावशी बाहेर घड्या घालत बसली होती.

आणि तेवढ्यात...

चर्र.

मावशीचा हात थांबला. लाईट आली वाटतं, असं म्हणत तिने इस्त्रीला तळवा लावला.

गार.

दुसरीला लावला. तीही गार. दोन्ही वायरी काढून ठेवलेल्या.

चर्र...

आवाज पडद्याच्या आतून येत होता.

मावशी म्हणते, मला भीती वाटलीच नाही. छाती धडधडत होती ती वेगळ्याच कारणाने. चर्र झालं की मागून हाक यायची ना... ती कान देऊन उभी राहिली. श्वाससुद्धा रोखून धरला.

हाक काही आली नाही.

तिने पडदा सारला.

धाकटी खाटेवर होती. डोळे अर्धवट उघडे. कपाळावर पाण्याचे थेंब... शिंपडल्यासारखे. उशी मात्र कोरडी. वर छत कोरडं.

मावशीच्या डोळ्यांदेखत त्यातला एक थेंब आक्रसला...

चर्र.

बारीकशी वाफ निघाली आणि विरून गेली.

उशाशी ती जुनी बाटली उभी होती. झाकण ओलं होतं.

"थोरले..." मावशीच्या तोंडून निघालं.

खोलीत दुसरं कोणीच नव्हतं.

तिने धाकटीला हलवलं. पोरीची मान नुसतीच कलंडली. ओठ सुकलेले, पाय बर्फासारखे. मावशीने पुन्हा कपाळाला हात लावला. अजूनही कोमटच लागलं. पण या वेळी तिने हाताचं ऐकलं नाही. दुकान उघडं टाकून, पोरीला खांद्यावर घेऊन ती अनवाणी धावत सुटली.

डॉक्टरीणबाईंनी थर्मामीटर बघितला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"एकशे चारच्या वर आहे! लघवी कधी केली हिने?"

मावशीला आठवेना. बाईंनी तातडीने मोठ्या दवाखान्यात हलवलं, स्वतः सोबत गेल्या. संध्याकाळी धाकटीने पाणी मागितलं, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

"घरी ताप मोजला नव्हता?" बाईंनी विचारलं.

"हात लावून बघितला होता. कोमट लागला."

बाईंनी मावशीचा हात उलटा करून तळव्यावर अंगठा दाबला.

"अहो, या हातांना ताप कसा कळणार? थर्मामीटर घ्या आजच. आणि ताप कशाने आला ते समजत नाहीये, पोर मलूल पडलीय, पाणी पीत नाही, लघवी होत नाही, हाकेला नीट ओ देत नाही, असं काही दिसलं तर उद्यावर टाकायचं नाही. मान आखडली, अंगावर पुरळ उठलं, तरी तेच. असाल तसे निघा."

मावशी आपल्या तळव्यांकडे बघत होती.

"म्हणजे..." ती म्हणाली, "म्हणजे थोरलीलाही थोडासा नव्हता."

काका धावतपळत येऊन दारात उभे होते. ते तिथेच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

बाटली खाली कशी आली, ते आजवर कळलेलं नाही. माळ्यावर चढायला शिडी लागते. शिडी त्या दिवशी शेजारच्या शिंप्याकडे होती.

धाकटी खडखडीत बरी झाली. घरात थर्मामीटर आला. गोष्ट इथेच संपली असती, तर मी सुखाने झोपलो असतो.

मागच्या महिन्यात मी मावशीकडे गेलो होतो. धाकटी आत झोपली होती. दोघंच बोलत बसलो होतो.

"तुला म्हणून सांगते," मावशी हळूच म्हणाली. "हिचं अंग जरा गरम वाटलं की माझ्या पोटात गोळा येतो रे. शप्पथ येतो. पण त्याच वेळी कान आतल्या खोलीकडे लागतात. वाटतं... अजून थोडा चढू दे. थोरली येईल."

थर्मामीटर कुठे आहे, ते मी नजरेने शोधू लागलो.

"मी कसली आई रे?" तिने विचारलं.

आतून धाकटीचं कण्हणं ऐकू आलं... पुन्हा आलं.

मावशी जागची हलली नाही. डोळे मिटून ऐकत बसली.

मीच उठलो. पोरीला उचललं तर अंग चटका देत होतं. तसाच दवाखाना गाठला. निभावलं त्या दिवशी.

तेव्हापासून रोज तिकडे फोन करतो. मावशीला काही विचारत नाही. धाकटीला फोन दे, एवढंच म्हणतो.