चेहऱ्यावरचा थकवा काढ

मोबाईल पालथे ठेवा आणि ऐका. माझ्या मेव्हण्याचा फोटो स्टुडिओ आहे, त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. खोटं वाटलं तर त्याला जाऊन विचारा, पण दिवसा विचारा.

मागच्या नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार. रात्री हा शटर ओढणार, तेवढ्यात एक म्हातारे मास्तर आले. बायको नुकतीच गेलेली. हातात एक फोटो, सगळ्या संसारात तिचा तेवढा एकच. घरची मंडळी ऐसपैस बसून हसतायत आणि ती मागे ट्रे घेऊन उभी. पायात पिन लावून सांधलेली चप्पल.

"तिचा एकटीचा मोठा करून द्या," मास्तर म्हणाले. "आणि जरा हसरी करा हो. हसताना कशी दिसायची, आठवतच नाही मला."

मेव्हणा दिवसभराच्या कामाने आंबून गेला होता. पण म्हाताऱ्याला नाही कसं म्हणणार? सकाळी या म्हणाला. आता काम सोपंही झालंय. फोटो स्कॅन करायचा, काय हवं ते साध्या मराठीत लिहायचं, एआय मुकाट्याने करून देतं. आमचे मेव्हणे तर त्याला 'कृपया' लिहितात! माझ्या बहिणीला जन्मात कधी म्हटलं नाही. त्या रात्रीही ती ताट झाकून बसली होती.

त्याने लिहिलं, 'मागच्या बाईंना कृपया हसरं कर.'

पुढची माणसं जास्तच हसायला लागली. बाई तशाच. फक्त ट्रे जरा खाली आल्यासारखा वाटला.

पुन्हा लिहिलं. ट्रे आणखी खाली.

मूळ फाईलची प्रत आधी बाजूला ठेवायची, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. झोपेच्या भरात हा तोच विसरला. वैतागून त्याने 'कृपया' गाळलं आणि लिहिलं, 'चेहऱ्यावरचा थकवा काढ.'

बराच वेळ काहीच नाही...

मग फोटो आला. सगळे हसतायत. ट्रे टेबलावर. मागे कुणी नाही.

मास्तरांची एकुलती एक आठवण! पण कागदावरचा फोटो तर आहे. त्याने स्कॅनरचं झाकण उघडलं.

कागदावरही... कुणी नाही.

मागे गिऱ्हाइकांचं बाक करकरलं. कुणीतरी बसावं तसं. मग एक सुस्कारा. लांब. दमलेला.

त्याने वळून पाहिलं नाही. दिवा तसाच ठेवून घर गाठलं. बहीण ताट आणायला उठली, तर म्हणाला, "तू बस."

सकाळी मास्तर आले. ती नसलेला फोटो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मेव्हण्याला मान वर करवेना. मग मास्तरांची नजर बाकाखाली गेली. ते हळूच खाली टेकले. डोळे भरून आले होते.

"बसलीस होय गं एकदाची..."

बाकाखाली चपला होत्या. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या. एकीला पिन.