ती इथे राहत नाही

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. देवदत्त माझा ऑफिसातला मित्र. त्याने जसं सांगितलं, तसंच सांगतो. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

ठिकाण मिनेसोटातलं ईडन प्रेरी. याच वर्षीचा जानेवारी. गुरुवार, दुपारचे चार.

सकाळपासून बर्फ पडत होता. रस्ते बंद व्हायच्या आत घरी पोचावं म्हणून देवदत्त लवकर निघाला. त्याची बायको आश्लेषा त्या दिवशी घरूनच काम करत होती. लग्नाला सहा वर्षं झालेली. घरात दोघंच.

गाडी लावून तो फावडं आणायला घराच्या मागे गेला.

आणि थबकला.

ताज्या बर्फात बुटांचे ठसे होते. पुरुषाचे. रस्त्यावरून थेट मागच्या दारापर्यंत आलेले.

परत गेलेला एकही ठसा नव्हता...

म्हणजे आलेला माणूस अजून आतच होता!

देवदत्त पुढच्या दाराने घरात शिरला. सगळं शांत. हीटरची घरघर तेवढी. आश्लेषा किचनमध्ये जमिनीवर बसली होती, मागच्या दाराला पाठ टेकून. डोळे लाल.

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही रे. तू आज लवकर कसा?"

त्याने किचनभर नजर फिरवली. बूट न काढताच वर गेला. कपाटं उघडली. बेसमेंट पाहिलं. पलंगाखाली वाकताना त्याची त्यालाच लाज वाटली. तरी वाकलाच.

कोणी नव्हतं.

पण मनात किडा शिरला तो शिरलाच. आता त्याला जुन्या गोष्टीही वेगळ्या दिसायला लागल्या. बर्फ पडणार म्हटलं की ही ऑफिस का टाळते? दुपारी फोन केला तर उचलत का नाही? मागच्या दाराशी खुर्ची कोणी ओढून ठेवली?

तिला न सांगता त्याने मागच्या दारावर छोटा कॅमेरा बसवला.

पुढच्या मंगळवारी पुन्हा बर्फ आला. देवदत्तने ऑफिसात बसून फोन उघडला. कॅमेऱ्याच्या काचेवर बर्फ साचला होता, नुसतं पांढरं दिसत होतं. पण आवाज येत होता.

करकर... करकर...

बर्फ तुडवत येणारी पावलं.

मग दारावर टकटक. तीनदा.

आणि आतून आश्लेषाचा आवाज. इतका हळुवार, की सहा वर्षांत त्याने तसा ऐकलाच नव्हता.

"कुश, आज नको..."

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने जॅकेटही काढलं नाही.

"कुश कोण आहे?"

आश्लेषाचा चेहरा उतरला. बराच वेळ ती टेबलावरच्या नॅपकिनची घडी घालत राहिली.

"आहे नाही, देव. होता."

मग तिने सगळं सांगितलं. ती इथे एमएस करत असतानाचा तिचा मित्र. मित्र म्हणजे... लग्न ठरल्यातच जमा होतं. एकदा फोनवर कडाक्याचं भांडण झालं. ती रागात म्हणाली, "यायचं तर आजच ये, नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नकोस."

बाहेर हिमवादळ होतं. तो निघाला. गाडी रस्त्यावरून घसरून खड्ड्यात अडकली. तो चालत निघाला.

"दुसऱ्या दिवशी सापडला, गोठून गेलेला. माझ्या अपार्टमेंटपासून चार ब्लॉकवर."

तिने फोनवर जुनी बातमी दाखवली. फोटो, नाव, वय सव्वीस. दहा वर्षांपूर्वीची तारीख.

"तेव्हापासून दुपारी बर्फ पडला की येतो. मी घर बदललं, तरी शोधत येतो. मी दार कधीच उघडलं नाही. उघडून काय सांगू त्याला?"

देवदत्तला आधी सुटल्यासारखं वाटलं. बायको फसवत नव्हती. मग त्या सुटकेचीच शरम वाटली. तिला जवळ घेतलं, रडू दिलं.

पण त्या रात्री ती झोपेत कूस बदलून दाराकडे वळली, आणि त्याची झोप उडाली. जिवंत माणसाशी भांडता येतं. याच्याशी काय करायचं? आणि ती घाबरून दार उघडत नव्हती... की तो येत राहावा म्हणून?

फेब्रुवारीत आश्लेषा दोन दिवस कामासाठी अल्फारेटाला गेली. देवदत्त घरी एकटा. दुपारी तीनच्या सुमारास बर्फ सुरू झाला.

करकर... करकर...

टकटक. टकटक. टकटक.

त्याने दार उघडलं.

समोर कोणीच नव्हतं. ठसे मात्र उंबऱ्यापाशी येऊन थांबलेले. बुटांची टोकं त्याच्याकडे वळलेली.

'आत या' म्हणावं, असं एकदा त्याच्या मनात आलंही. खरंच आलं.

पण तोंडातून निघालं, "आश्लेषा इथे राहत नाही. केव्हाच गेली."

दार धरून तो ठशांकडे बघत राहिला.

मग त्याच्या डोळ्यांदेखत बर्फात एक नवा ठसा उमटला. टाच त्याच्याकडे. मग दुसरा. मग तिसरा. सावकाश, रस्त्याकडे.

त्यानंतर तीनदा बर्फ पडला. टकटक झाली नाही. आश्लेषा खुर्ची घेऊन दाराशी बसून राहायची. एकदा तिने विचारलं, "मी नव्हते तेव्हा आला होता का रे?"

"नाही."

ती नुसतं "बरं" म्हणाली आणि दिवसभर जेवली नाही.

परवा पलीकडच्या गल्लीतल्या शोभनाकाकूंचा फोन आला.

"देवदत्त, काल दुपारी बर्फात आमचं मागचं दार कोणीतरी वाजवलं रे. त्याच्या आधी आमच्या शेजारच्या प्रीताकडेही वाजवलं म्हणे. काचेतून पाहिलं तर कोणी दिसेना. पण मला स्पष्ट ऐकू आलं, तो विचारत होता..."

"काय विचारत होता?"

"आश्लेषा कुठे राहते म्हणून."

देवदत्तने मागच्या दाराकडे पाहिलं.

"काकू, तुम्ही... काय म्हणालात?"

"घाबरले मी, पण म्हटलं, तुमचा कोणी ओळखीचा असेल. सांगितलं ना... कोपऱ्यावरचं निळ्या दाराचं घर. सहा वर्षं तिथेच आहे ती."

काल देवदत्त मला हे सांगत होता, तेव्हा सारखा फोनवर हवामान बघत होता. गुरुवारी दुपारी बर्फ आहे. आश्लेषा घरी असणार आहे. तिला त्याने अजून काहीच सांगितलेलं नाही.

"तिच्यासाठी येईल, तर एक वेळ ठीक," तो म्हणाला. "पण मी खोटं बोललो, हे आता त्याला कळलंय."