दुसऱ्या पडद्यावरची दुपार

अमरावतीत मे महिन्यातलं ऊन एकदा डोक्यावर आलं, की रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. दारं बंद, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. भर दुपारी घराघरांत दिवेलागणीचा अंधार. अशाच एका दुपारची ही गोष्ट. घडली ती रागिणीच्या बाबतीत, आणि रागिणी काही सावलीला भिणारी बाई नव्हे. शाळेत गणित शिकवते. दोन नि दोन चार झाल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नाही.

सुट्टीत ती दहावीत जाणाऱ्या मुलांचा वर्ग घरूनच, कॉम्प्युटरवर घ्यायची. नवा डेस्कटॉप आणला होता, पण पडदा एकच. त्यावर गणित मांडलं की मुलांचे चेहरे दिसेनात, आणि चेहरे दिसले नाहीत तर कुणाला कळलं, कुणाला नाही, हे ओळखायचं कसं? अकोल्याला तिची नणंद राहते, रश्मी. रश्मीचे सासरे खुशालराव हे जुने वकील. त्यांच्या खोलीत एक जुना मॉनिटर वर्षानुवर्षं टेबलावर पडून होता. डोळे अधू झाल्यापासून त्यांनी तो लावलाच नव्हता.

"ने पोरी," ते म्हणाले होते. "इथं नुसता धूळ खाऊन राहिला."

मॉनिटर घरी आला, पण जोडायचा कसा? त्याच्या वायरीचं तोंड निळं, रुंद, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं. नव्या मशीनच्या पाठीला तसलं भोकच नाही, फक्त एचडीएमआयची चपटी खाच. राजकमल चौकाजवळच्या दुकानदाराने वायर उलटसुलट करून पाहिली.

"मॅडम, नुसती वायर बदलून भागत नाही. नव्या मशीनचा सिग्नल या जुन्याले समजतच नाही. मधात कन्व्हर्टर लागते."

त्या दुपारी जेवण आटोपून रागिणी खटपटीला बसली. नवरा स्वानंद भातकुलीला कामावर गेलेला, घरात ती एकटी. तिने कन्व्हर्टर खाचेत बसवला, निळं तोंड त्याला जोडून स्क्रू पिळले, मॉनिटर चालू केला. काळ्या पडद्यावर 'नो सिग्नल'ची चौकट इकडून तिकडे तरंगत राहिली. बटण दाबून पाहिलं, वायर हलवून पाहिली. मग सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार जुन्या मॉनिटरला पेलेल इतका कमी केला, आणि पडदा एकदम उजळला. किंचित पिवळट, पण स्वच्छ. माउस नव्या पडद्याच्या कडेवरून सरकत जुन्यावर गेला, तेव्हा तिला लहान मुलासारखा आनंद झाला.

वर्ग सुरू झाला. गणित नव्या पडद्यावर, मुलांच्या चौकटी जुन्यावर. सगळं झकास चाललं होतं.

थोड्या वेळाने हेडफोनमध्ये घरघर ऐकू येऊ लागली. जुन्या कूलरची असते तशी, जड, मधूनच अडखळणारी.

"कोणाकडे कूलर चालू आहे रे? आपापले माइक बंद करा."

सगळ्यांनी केले. घरघर थांबली नाही. तिने स्वतःचाही माइक बंद केला. तरी ती होतीच. आणि आता तिला वासही आला, भिजलेल्या वाळ्याचा. तिच्या घरात कूलर नव्हताच.

तिने चौकटींवरून नजर फिरवली. सगळी मुलं तिच्या ओळखीची. शेवटच्या ओळीत मात्र एक चौकट जास्तीची होती. तिच्याखाली नाव नव्हतं. आत अंधारी खोली… एक खाट… खाटेवर कुणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपलेलं.

कुणीतरी पोरगं नाव न टाकता घुसलं असेल, असं म्हणत तिने मुलांच्या चौकटींची ती खिडकी ओढून नव्या पडद्यावर आणली. चौकट नाहीशी. घरघरही बंद. तिने खिडकी परत जुन्या पडद्यावर नेली…

चौकट होती. खोली होती. घरघर होती.

आता रागिणीने खोली ओळखली होती. ती हिरवी खिडकी, ती खुंटीवरची काळी छत्री. खुशालरावांची खोली. टेबलावरून दिसेल तशी. हा मॉनिटर इतकी वर्षं ज्या टेबलावर होता, तिथून दिसेल तशी.

"मुलांनो, पुढचं उदाहरण तुम्हीच सोडवा," माइक क्षणभर सुरू करून ती कसंबसं म्हणाली.

मग तिला जमीन दिसली. कूलरखालून पाणी वाहत होतं. पसरत, चकाकत ते खाटेपर्यंत आलं होतं, आणि त्याच पाण्यात वायरीचा चालू बोर्ड उताणा पडला होता.

खाटेवरचे खुशालराव कुशीवर वळले. उठून बसले. पाय खाली सोडू लागले.

"काका! पाय खाली ठेवू नका!"

म्हातारा दचकला. पाय अधांतरीच थांबले. त्यांनी मान वर केली आणि सरळ टेबलाकडे, सरळ तिच्याकडे पाहिलं.

"वर घ्या… पाय वर घ्या, काका."

हळूहळू त्यांनी पाय वर घेतले आणि मांडी घातली. तिच्यावरची नजर काही काढली नाही. आपला माइक बंद आहे, हे रागिणीच्या तेव्हा लक्षात आलं.

तिने रश्मीला फोन लावला. पलीकडे सनई, माणसांचा गलका.

"वहिनी? आम्ही नांदगावले लग्नात आहो. काय झालं?"

"काका एकटे आहेत का घरी?"

"हो नं. उन्हाचे नाही आले ते. काहून?"

"त्यांच्या खोलीत पाणी झालंय. त्यात करंट आहे. शेजारी कुणाला तरी पाठव, आत्ता!"

"तुले कसं…? थांब, मी बाबांनाच विचारते."

"नको! रश्मी, नको…"

फोन कटला होता. पुढच्याच क्षणी हेडफोनमध्ये, त्या घरघरीच्या आतून, घंटी वाजू लागली. खुशालरावांचा फोन खोलीच्या पलीकडच्या कोनाड्यात होता. त्यांनी तिकडे पाहिलं. सवयीने एक पाय खाली सोडला.

"काका, नाही!" रागिणी उभी राहून ओरडली. "वाजू द्या! उतरू नका!"

पाय पाण्याच्या वर थबकला. घंटी वाजत राहिली… वाजत राहिली… आणि थांबली. त्यांनी पाय वर ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी गुडघे कवटाळले.

रश्मीचा फोन परत आला, तेव्हा तिचा आवाज पार उतरला होता. "ते उचलत नाहीत वं, वहिनी… शेजारच्या देवमनचा नंबर देते. तू सांग त्याले."

देवमन फळांचा व्यापारी. दुपारचा घरीच होता. रागिणीने त्याला एवढंच सांगितलं, की आधी जिन्याखालचा मेन स्विच पाडा, मगच खोलीत पाऊल टाका.

"कोन बोलून राहिलं?"

"ते मग सांगते, दादा. धावा!"

त्यानंतर तिने काय केलं, तर ती नुसती त्या चौकटीकडे बघत राहिली. पाणी, बोर्ड, गुडघे कवटाळून बसलेला म्हातारा. तिला वाटलं, आपण पापणी मिटली तर काहीतरी होईल. मग घरघर अचानक तुटली. चौकट काळी झाली, आणि पुढच्या क्षणी तिथे चौकट नव्हतीच. मुलं खाली माना घालून उदाहरण सोडवत होती.

फोन वाजला.

"मॅडम? काका बेस हायत! खाटेवर मांडी घालून बसले व्हते. बाप्पा, पानी पार उंबऱ्यापर्यंत आलतं. एक पाय खाली ठेवला असता, तर…" देवमन धापा टाकत होता.

रागिणी कॅमेरा बंद करून मनसोक्त रडली. वर्ग तिने तसाच सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी ती आणि स्वानंद अकोल्याला गेले. रश्मीने दारातच तिला मिठी मारली. घरात सणासारखी वर्दळ होती. देवमनने आंब्यांची पेटी आणली होती; कूलर अंगणात उलटा पडला होता आणि येणारा-जाणारा त्याला शिव्या घालत होता. तुला कसं कळलं, या प्रश्नावर रागिणी "मनात आलं एकदम" इतकंच म्हणाली. लोकांनी ते मानलं. जीव वाचला म्हटल्यावर खोलात कोण जातं? खुशालराव आमरस ओरपत होते, थट्टा करत होते, आणि त्यांच्याकडे बघून रागिणीच्या छातीवरचा दगड कधी उतरला, हे तिलाही कळलं नाही. कितीतरी वेळाने ती मोकळेपणाने हसली.

निघताना ती नमस्काराला वाकली, तेव्हा म्हाताऱ्याने तिचा हात धरला. आजूबाजूला कुणी नाही, असं पाहून आवाज खाली आणला.

"मले दिसली तू. त्या रिकाम्या टेबलावर उजेड पडला, अन् त्यात तू. म्हनून थांबलो मी. कोणाले सांगितलं नाही, म्हनतीन म्हाताऱ्याले भ्रम झाला."

"आता त्याचा विचार करू नका, काका. आराम करा."

"करतो. पन एक सांग…" त्यांचे अधू डोळे तिच्या चेहऱ्यावर स्थिरावले. "तू उठून ओरडून राहिली होती, तवा तुह्या मागं ती बाई कोन होती? लय उंच. तुह्या खांद्यावर हात ठेवून उभी होती."

रागिणीने नकळत मागे वळून पाहिलं.

मॉनिटर तिच्याकडे आहे, उत्तम चालतो, आणि त्याच्यावर ती चौकट पुन्हा कधी आली नाही. वर्गही नेमाने चालतात. फक्त त्या दिवशी अकोल्याहून घरी पोहोचल्या पोहोचल्या, चप्पलही न काढता, रागिणीने स्वानंदला हाताशी घेऊन टेबल फिरवलं आणि खुर्ची पार मागच्या भिंतीला नेऊन टेकवली. तिच्या पाठीमागे आता माणूस उभा राहील, इतकी जागा नाही. तरी शिकवता शिकवता कधी कधी ती मध्येच थांबते, आणि खडू धरून धरून खरखरीत झालेला आपला हात हळूच खांद्यावर ठेवून पाहते.