खोली वापरात आहे

आमच्या ऑफिसात एक मोठा सर्व्हर आहे आणि त्याच्या आत आम्ही खोल्या बांधतो. विटांच्या नव्हेत. एकाच यंत्रातल्या, एकमेकींपासून पूर्ण तोडलेल्या जागा. आतल्याला बाहेरचं काही दिसू नये अशा. प्रत्येक नव्या खोलीत आधी मूळ सिस्टिम बसवावी लागते आणि बसताना ती तेच ते प्रश्न विचारते. भाषा कोणती, घड्याळ कुठलं, पासवर्ड काय. कुणीतरी समोर बसून उत्तरं द्यायची. कित्येक वर्षं तो कुणीतरी मी होतो. घड्याळाच्या उत्तरात माझं बोट हमखास शेजारच्या अक्षरावर पडतं. मी ते पुसतो आणि पुढे जातो.

हे काम मला आता अंगावेगळं करायचं होतं. झटका आल्यापासून बाबा अंथरुणाला खिळले होते आणि माझ्याशिवाय कुणाच्या हातून घास घेत नव्हते. माझ्या हातूनही सांडतंच. चमचा कलतो, हनुवटीवर ओघळ येतो, तो मी अंगठ्याने पुसतो. त्यांना सांभाळायला आलेली ताई त्या संध्याकाळी आपल्या घरी परत जाणार होती.

"सकाळपासून तोंड उघडलेलं नाही," ती फोनवर म्हणाली. "तुझं ते मशीन तुझ्याविना एक दिवस चालत नाही का रे?"

"आजपासून चालेल."

सगळी उत्तरं मी एका फाइलमध्ये लिहून ठेवली होती. स्क्रिप्टने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, ती वाचायची आणि एकामागून एक खोल्या उभ्या करायच्या. समोर कुणी बसायची गरज नाही. चहा घेऊन आलो आणि ती सुरू केली.

पहिला प्रश्न आला. उत्तर एकदम उमटायला हवं होतं. ते एकेक अक्षर करत आलं. घड्याळाच्या उत्तरात एक अक्षर चुकलं, कर्सर मागे सरकला, चूक पुसली गेली.

शेजारच्या टेबलावरची टेस्टर मान वाकडी करून बघत होती. "स्क्रिप्टच्या नावाखाली स्वतःच टाइप करतोयस होय?"

"माझ्या दोन्ही हातांत कप आहे."

"मग तुझंच टायपिंग रेकॉर्ड केलं असशील."

"फाइलमध्ये नुसती उत्तरं आहेत. चुका कोण कशाला लिहील?"

मी कीबोर्ड काढला. नेटवर्कची केबल उपसली. पुढची खोली सुरू झाली. तेच अक्षर चुकलं.

सर्व्हरचे पंखे एका सुरात घरघरत होते. एसीचा वारा मानेवर येत होता. खोल्या वाढल्या तशी उत्तरं मंदावली. पासवर्डच्या आधी दर वेळी थोडा खंड पडू लागला. तेवढ्या वेळात माणूस चष्मा काढून डोळे चोळतो. मी चोळतो.

"थांबव हे," टेस्टर म्हणाली. आता ती हसत नव्हती.

"थांबवलं तर उद्या परत मीच इथे बसणार."

ती लॅपटॉप उचलून दुसऱ्या हॉलमध्ये जाऊन बसली.

कीबोर्ड परत जोडून नुकतीच बांधलेली एक खोली मी मोडायला घेतली. सिस्टिमने नकार दिला: खोली वापरात आहे. दुसरी बघितली, तिसरी बघितली. तेच. एकाही खोलीची किल्ली अजून कुणाला दिलेली नव्हती.

जबरदस्तीने मोडता येते. मी मोडली नाही. स्क्रिप्ट तशीच चालू ठेवून निघालो.

जिना उतरताना जाणवलं, अंगात थकवा नव्हता. कितीतरी दिवसांनी.

ताई पिशवी घेऊन दारातच उभी होती. "आलास एकदाचा. ताट झाकून ठेवलंय. बघ, तुझ्यासाठी तरी उघडतात का." माझ्या पाठीवर हात ठेवून ती गेली.

बाबा जागे होते. खिडकीकडचं स्टूल माझं. पण ताईची खुर्ची अलीकडे होती, तिच्यावरच बसलो. चमचा त्यांच्या ओठांशी नेला.

ओठ मिटलेलेच राहिले. पाहुण्याकडे बघावं तसं ते माझ्याकडे बघत होते.

"बाबा, मी आहे."

त्यांनी तोंड फिरवलं. खिडकीकडे. रिकाम्या स्टुलाकडे.

आणि उघडलं.

ते चावू लागले. सावकाश, नेहमीसारखे. गिळलं.

माझ्या हातातला चमचा भरलेलाच होता.

त्यांच्या हनुवटीवर एक ओघळ आला. थोडा खाली सरकला. मग अंगठ्याने पुसावा तसा पुसला गेला.