मोहरी कोण कापतंय?

“हरणं आली असणार,” ज्युनेलने निकाल दिला.

“हो, सुऱ्या घेऊन,” बिट्सी म्हणाली.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचा पहिलाच दिवस, आणि हे तिघे जुन्या बॅटरी कारखान्याच्या मोकळ्या जागेत मोहरीच्या वाफ्यांपाशी उकिडवे बसले होते. बर्मिंगहॅममधल्या त्या जागेतल्या मातीत शिसं मुरलेलं होतं. ते मुळांनी ओढून पानांत घ्यावं म्हणून विद्यापीठाच्या लोकांनी मोहरी लावली होती. पुढच्या आठवड्यात ती सगळी उपटून, पिशव्यांत बंद करून विषारी कचऱ्यात टाकली जाणार होती. खाण्यासाठी ती नव्हतीच. आणि तीन वाफे कुणीतरी कापून नेले होते.

टोळीची म्होरकी ओडेसा खाली वाकली. फक्त बाहेरची मोठी पानं गेली होती. मधला कोंब जपून ठेवला होता, पुन्हा फुटावा म्हणून.

“नासधूस करणारा असं कापत नाही,” ती म्हणाली. “हे रोज भाजी करणाऱ्या माणसाचं काम आहे.”

सोमवारी पहिल्यांदा दंव गोठलं होतं. दंव गोठलं की मोहरीची भाजी गोड लागते, हे त्यांच्या वस्तीत शेंबडं पोरही सांगेल. उद्या चर्चमध्ये दोनशे माणसांचं जेवण होतं. तिघे चर्चच्या स्वयंपाकघराकडे सुसाट सुटले.

चार मोठी पातेली रटरटत होती. चर्चचा स्वयंपाक सांभाळणारी मिस व्हर्लीन पळीने रस्सा चाखणार तेवढ्यात ज्युनेलने न विचारता शेगड्याच बंद केल्या. म्हातारीने पळी त्याच्यावरच उगारली. मग ओडेसाने धापा टाकत सगळं सांगितलं, तशी पळी हळूहळू खाली आली.

मिस व्हर्लीनचं म्हणणं साधं होतं. दोन आठवड्यांपूर्वीच पानं तयार झाली होती, आणि कुणी हात लावत नव्हतं. चांगली भाजी वाया जाताना तिला बघवत नव्हतं. कुंपणावर पाटी नव्हती, कुणी दारात येऊन सांगितलंही नव्हतं.

पाद्रीबाबांनी विद्यापीठातल्या माणसाला फोन लावला. पाटी महिनाभर त्याच्या गाडीतच पडून होती! बाबांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. मग मुलांच्या पाठीवर थाप मारत ते म्हणाले की या पोरांनी आज दोनशे माणसांना वाचवलं. स्वयंपाकघरातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

बिट्सी बुटांकडे बघत राहिली. ओडेसाला त्या टाळ्या सहन होईनात.

“पाटी नव्हती,” ती म्हणाली, “पण ‘ही मोहरी खाऊ नका’ सांगणारी पत्रकं होती. साठ घरांत वाटायला आम्हालाच दिली होती. दोन गल्ल्या झाल्या आणि सामना सुरू व्हायची वेळ झाली. मीच म्हटलं, सगळ्यांना माहीत असतं. उरलेली कचऱ्यात टाकली. तुमची गल्ली तिसरी होती, मिस व्हर्लीन.”

मिस व्हर्लीनने एप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले.

“शेजारची लोरेटा आहे ना,” ती शेवटी म्हणाली, “तिला सातवा महिना आहे. अंगात रक्त कमी आहे म्हणून दोन आठवडे रोज वाडगाभर भाजी नेऊन देतेय मी.”

ओडेसाला वाटलं, आता ही ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं ओडेसाला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. मिस व्हर्लीनने फक्त कोट चढवला.

“दवाखाना चारपर्यंत उघडा आहे. आज तिच्या रक्तातलं शिसं तपासून घ्यायला हवं. चल, पोरी. तिच्या दारात मी एकटी जाणार नाही.”

लोरेटाने दार उघडलं. पोटावर हात ठेवून ती प्रसन्न हसली.

“आज लवकर आलात. काय आणलंत?”

मिस व्हर्लीनने ओडेसाकडे पाहिलं. ओडेसाने बोलायला सुरुवात केली.