मागच्या सीटचं वजन

या मंडळी, जवळ सरका, दाराकडे पाठ करू नका. एका गॅरेजची गोष्ट सांगतो. लांबवणार नाही, पण मधेच उठू नका.

त्या मिस्त्र्याला सगळे मोजणीमामा म्हणत. साधा नटसुद्धा मोजल्याशिवाय आवळायचा नाही. लांब पल्ल्याच्या मोटारसायकलींचे मागचे शॉकअप बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पद्धत साधी. मागचं चाक अधांतरी करायचं आणि आसापासून सीटखालच्या खडूच्या खुणेपर्यंत टेप धरायची. मग स्वाराला बसवून तीच टेप पुन्हा धरायची. गाडी जेवढे मिलिमीटर खाली बसली, तो आकडा भिंतीवर लिहायचा. "माणूस थापा मारेल, स्प्रिंग नाही मारत," हे त्याचं नेहमीचं वाक्य.

त्या सकाळी त्याची थोरली बहीण आणि भावोजी आले. भावोजी पंधरा दिवसांची एकट्याची सफर करून परवाच परतले होते. आता ताईला मागं बसवून त्या वाटेवरचा घाट पुन्हा करायचा होता, आणि तोही उद्याच. भावोजी हात धुवायला गेले, तशी ताईनं भावाला फळीआड ओढलं.

"मागच्या सीटचे फुटरेस्ट बघ. चिखल आहे त्यांवर. एकटे गेले होते म्हणे."

"ताई, नसतं काहीतरी डोक्यात घेऊ नकोस."

"तुझी स्प्रिंग थापा मारत नाही ना? मग तिला विचार. ती सांगेल त्यावर ठरवते, उद्या मागं बसायचं की पेटी घेऊन तुझ्याकडे यायचं."

मामानं फुटरेस्ट पुसून दुमडले. भिंतीवर सफरीआधीचा आकडा होता, चाळीस. भावोजी बसले. टेप अडुसष्ट म्हणाली.

"मेव्हणेबुवा, टेप धुवायला टाकली होती का? आटलेली दिसते."

मामा हसला नाही. भावोजींना उतरवून तो स्वतः बसला. दोघांच्या वजनात किलोभराचा फरक नव्हता. भावोजींनी टेप वाचली.

"चाळीस."

म्हणजे स्प्रिंग थकलेली नव्हती. भावोजी पुन्हा बसले. अडुसष्ट. त्यानं त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. काटा पूर्वी होता तिथंच थांबला. त्यांना परत गाडीवर बसवून तिसऱ्यांदा मोजायला तो खाली वाकला, तेव्हा दुमडलेले फुटरेस्ट दोन्ही बाजूंनी उघडलेले होते.

गॅरेजमध्ये ऑइलच्या वासाखाली ओल्या कपड्यांचा वास होता. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

"भावोजी, वाटेत कुणाला मागं घेतलं होतंत?"

"नाही."

"मी ताईचा भाऊ आहे. मला खरं सांगा."

भावोजींनी हँडलवरचे हात काढले नाहीत. "घेतलं नाही, तेच तर. घाटातल्या दुसऱ्या वळणावर कुणीतरी हात केला होता. पाऊस होता, मी वेगात होतो."

"बाई होती?"

"बघितलं असतं तर थांबलो असतो." त्यांनी आरशातून मागं पाहिलं. "तेव्हापासून गाडी जड लागते. तिथंच परत जाऊन बघावं म्हणतो. तुझ्या ताईला यातलं काही सांगू नकोस."

दारात ताई उभी होती. "काय निघालं?"

मिस्त्र्याच्या हाताला लागलेली सवय वाईट. गाडी खाली बसली की तो स्प्रिंग आवळायचा. कुणाच्या वजनानं बसली, हे हात विचारत नाहीत. त्यानं वाकड्या टोकाचा पाना घेतला, स्प्रिंगवरची कडी फिरवली, आणखी फिरवली. भावोजी बसले. चाळीस.

त्यानं ताईला टेप दाखवली. "बघ. एकट्याचं वजन."

ताईच्या कपाळावरची आठी गेली. "उगाचच बोलले मी," ती म्हणाली, आणि जाताना भावाच्या पाठीवर हात ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा त्यांना निरोप द्यायला गेला. भावोजी बसले. ताई हेल्मेट चढवून मागं बसली, एकदा हलली, दोनदा हलली.

"अहो, पुढे सरका ना. मला जागाच नाही."

भावोजींचं पोट टाकीला टेकलं होतं. त्यांच्या पाठीत आणि ताईत दोन वीत सीट मोकळी दिसत होती. भावोजींनी आरशातून मामाकडे बघितलं.

मामाला बोलता आलं असतं.

भावोजी हलले नाहीत.

"हं," ताई म्हणाली, "आता झाली जागा."

गाडी निघाली. वळणावर ताईनं दोन्ही हात पुढे घालून घट्ट धरलं. तिचे हात भावोजींपर्यंत पोचले नव्हते.

मामा आजही त्याच गॅरेजात आहे. भिंतीवरचा अडुसष्ट तो पुसू देत नाही. तर मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या ताईची आठवण ठेवा. तिनं भावाला विचारलं होतं, आणि भावानं तिला टेप दाखवली होती.