चिकट पानांचं रोप

चंद्रावरच्या वस्तीत, काचेच्या घुमटाखालच्या शेतात, बटाट्याचा एकही वाफा धड राहिला नव्हता. पृथ्वीवरून आलेल्या कुठल्याशा कुंडीतून मावा (पानांतला रस शोषणारे इवलेसे किडे) आत शिरला आणि त्याने नुसता धुमाकूळ घातला. औषध फवारावं, तर तीच हवा सगळ्यांच्या नाकात जाणार!

मग एकच रोप तेवढं टवटवीत कसं?

दहा वर्षांची कस्तुरी त्या रोपापुढे फतकल मारून बसली होती. अँडीज पर्वतातल्या रानटी बटाट्याचं हे रोप तिने स्वतः बी पेरून वाढवलं होतं. पण त्याचे बटाटे वाटाण्याएवढे आणि कडूजहर. फुकट जागा अडवतं म्हणून वस्तीने ते आज उपटायचं ठरवलं होतं. म्हणून ती सकाळपासून तिथून हललीच नव्हती.

एवढ्यात खटपट्या, म्हणजे शेतावरचा यंत्रमानव, ओलं फडकं घेऊन आला.

“या पानांवर चिकट घाण आहे. खालची पानं मी काल पुसली. वरची राहिली.”

कस्तुरीने वाकून पाहिलं. पुसलेल्या पानांवर मावा आरामात फिरत होता. न पुसलेल्या पानांवरही होता, पण पाय चिकटून मेलेला!

“मावशीआजी, लवकर ये!”

मावशीआजी म्हणजे तिच्या आईची मावशी, वस्तीतली वनस्पतिशास्त्रज्ञ. तिने भिंग लावलं आणि तिचा चेहरा उजळला.

“अगं, ही घाण नव्हे. हे ग्रंथिरोम (टोकाला चिकाचा थेंब असलेले बारीक केस). किडा आपटला की चीक सांडतो आणि त्याचे पाय अडकतात. डोंगरात याला औषध मारायला कोण येणार? असे केस असलेली रोपं तगली, त्यांचंच बी रुजलं. आपण मात्र मोठे, चवदार बटाटे निवडत बसलो, त्यात हे केस हरवले.”

“मग हेच लावू या ना!”

“आणि कडू वाटाणे कोण खाणार, तू?” मावशीआजी हसली. “याचे परागकण (फुलातली पिवळी पूड) आपल्या बटाट्याच्या फुलावर लावायचे. याला संकर म्हणतात. मग त्या फुलाला जे फळ धरेल, त्यातल्या बिया म्हणजे भावंडं. कुणी आईवर जाईल, कुणी बापावर. चिकट पानं आणि मोठे बटाटे दोन्ही असलेलं भावंड सापडेपर्यंत पेरत राहायचं.”

“कधी सापडेल?”

“आठ-दहा वर्षं तरी जातील. मी नसेनही. तू असशील.”

मावशीआजीने लगेच वस्तीला कळवलं, की या रोपाला कुणी हात लावायचा नाही. कस्तुरीला आनंद झाला आणि रडूही आलं. तिने बाहीने डोळे पुसले, मऊ कुंचला घेतला आणि रानटी फुलातली पूड हळूच टिपली.

“आठच वर्षं धर,” ती म्हणाली. “आणि तूही असायचंस, सांगून ठेवते.”